संख्येचा उच्चार आणि दूरध्वनी : फ्रेंच, मराठी व कन्नड संख्यावाचनाचा तौलनिक विचार

१. प्रास्ताविक

बंगळूर शहराच्या उत्तरेस असलेले येलहंका हे केंपेगौडांच्या घराण्याचे जुने ठाणे. या स्थानकावरून मुंबईकडे जाणाऱ्या उद्यान एक्सप्रेसचा क्रमांक ११३०२ असा आहे. फलाटावर गाडीची घोषणा होते तेव्हा हा क्रमांक 'एक, एक, तीन, शून्य, दोन' असा सुटा सुटा वाचला जातो. 'अकरा हजार तीनशे दोन' असे कोणी म्हणत नाही. त्याच घोषणेत गाडीची वेळ मात्र तास आणि मिनिटे अशा पूर्ण संख्यांनी सांगितली जाते. तेथे 'दोन, शून्य, एक, पाच' असे म्हटले तर प्रवासी गोंधळून जाईल. घोषणा करणारा आवाज यंत्रातून येतो. परंतु कोणता अंकसमूह सुटा वाचावयाचा आणि कोणता सलग, हे यंत्राला कोणीतरी आधी शिकवावे लागते.

कागदावर लिहिलेला अंक मुका असतो. '७२' हे चिन्ह पाहून मराठी वाचक 'बहात्तर' म्हणतो, कन्नड वाचक 'एप्पत्तेरडु' म्हणतो आणि पॅरिसमधील वाचक 'स्वासाँत-दूझ', म्हणजे शब्दशः 'साठ-बारा' म्हणतो. चिन्ह एकच, पण ते उच्चारताना प्रत्येक भाषा आपापले व्याकरण वापरते. हे व्याकरण भाषकाच्या अंगवळणी इतके पडलेले असते की त्याचे अस्तित्वही त्याला जाणवत नाही. यंत्राला बोलते करण्याची वेळ आली की ते नियम एकेक करून उघडे पडू लागतात. दूरध्वनीयंत्रणेला फ्रेंच भाषेत संख्या स्वाभाविकपणे उच्चारावयास लावणे हा वरवर पाहता तंत्रज्ञाचा प्रश्न आहे. त्याच्या निमित्ताने फ्रेंच, मराठी आणि कन्नड या तीन भाषांतील संख्यावाचनाचा तौलनिक विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. ध्वनिमुद्रांची जोडणी

कार्यालयातील दूरध्वनीयंत्रणा ग्राहकाला 'आपणांस पाच संदेश आले आहेत' असे सांगते, तेव्हा ते वाक्य कोणी सलग बोललेले नसते. 'आपणांस', 'पाच', 'संदेश आले आहेत' असे तुकडे वेगवेगळे ध्वनिमुद्रित केलेले असतात आणि यंत्रणा ते प्रसंगानुसार एकापुढे एक लावते. १९९९ साली मार्क स्पेन्सर या अमेरिकन तंत्रज्ञाने 'अ‍ॅस्टेरिस्क' नावाची दूरध्वनी-आज्ञावली लिहिली आणि ती सर्वांना खुली करून दिली. अशा आज्ञावलीत प्रत्येक भाषेसाठी संख्या जोडण्याचे नियम स्वतंत्रपणे लिहून ठेवता येतात. संख्या हाती आली की ती कोणत्या साच्यात बसते ते यंत्रणा पाहते आणि त्या साच्याला नेमून दिलेल्या ध्वनिमुद्रा क्रमाने वाजविते. पूर्ण वाक्याचा उच्चार स्वतः घडविणारी कृत्रिम वाणी आता उपलब्ध झाली असली, तरी अंकांचे शब्दांत रूपांतर करण्याची पायरी तिलाही चुकत नाही.

समजा, येलहंका येथील एखाद्या कार्यालयात फ्रान्समधील ग्राहकांसाठी अशी यंत्रणा उभारावयाची आहे. तंत्रज्ञाजवळ इंग्रजीचा नमुना तयार आहे. इंग्रजीत शून्यापासून एकोणिसापर्यंतचे शब्द, वीसपासून नव्वदपर्यंतचे दशक आणि 'शंभर', 'हजार' असे काही शब्द ध्वनिमुद्रित केले की काम भागते. दशकापुढे एकक ठेवला की संख्या तयार होते. हाच साचा घेऊन फ्रेंच शब्द भरावयास बसलेला तंत्रज्ञ एकोणसत्तरपर्यंत कसाबसा पोहोचतो आणि तेथे अडतो. फ्रान्समधील प्रचलित भाषेत सत्तर, ऐंशी आणि नव्वद यांना स्वतंत्र दशकवाचक शब्दच नाहीत.

३. फ्रेंच संख्यांचे व्याकरण

फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे 'साठ-दहा', एकाहत्तर म्हणजे 'साठ आणि अकरा', बहात्तर म्हणजे 'साठ-बारा'. ऐंशीला 'कात्र-व्हँ', म्हणजे 'चार-वीस' म्हणतात. नव्वद म्हणजे 'चार-वीस-दहा' आणि नव्व्याण्णव म्हणजे 'चार-वीस-दहा-नऊ'. विसाच्या पटीने मोजण्याच्या जुन्या रीतीचा हा अवशेष आहे. तेराव्या शतकात नवव्या लुईने पॅरिसमध्ये तीनशे अंधांसाठी स्थापन केलेल्या आश्रयस्थानाचे नाव 'काँझ-व्हँ', म्हणजे 'पंधरा-विसा' असे आहे आणि ते रुग्णालय आजही त्याच नावाने ओळखले जाते. मराठी वाचकाला ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. विसांच्या हिशेबाने मोजणारी माणसे आपल्या खेड्यांतूनही होती आणि वीस नगांची 'कोडी' बाजारात परिचित होती. फरक इतकाच की मराठीच्या प्रमाण संख्यामालिकेत ही रीत शिरली नाही. फ्रेंचच्या मालिकेत ती कायमची बसली.

ही स्थितीही सर्व फ्रेंच भाषकांची नाही. बेल्जियम आणि स्वित्झर्लंड येथे सत्तरला 'सेप्ताँत' आणि नव्वदला 'नोनाँत' असे सरळ दशकवाचक शब्द आहेत. ऐंशीला बेल्जियममध्ये 'कात्र-व्हँ' म्हणतात. स्वित्झर्लंडच्या काही प्रांतांत मात्र 'युइताँत' म्हणतात. म्हणजे 'फ्रेंच भाषा' एवढेच सांगून तंत्रज्ञाचे भागत नाही. ऐकणारा कोणत्या देशातील, प्रसंगी कोणत्या प्रांतातील आहे, हे त्याला ठाऊक असावे लागते.

शब्दांची जुळणी साधली तरी उच्चाराचा प्रश्न उरतोच, आणि खरी अडचण येथेच आहे. फ्रेंच संख्यावाचक शब्द शेजारच्या शब्दाप्रमाणे आपले रूप बदलतो. 'सहा' हा शब्द एकटा असता 'सीस' असा उच्चारला जातो. पुढे व्यंजन आले तर 'सी' आणि स्वर आला तर 'सीझ' होतो. त्यामुळे 'सहा युरो' हे शब्द सुटे ध्वनिमुद्रित करून जोडले तर 'सीस ओरो' असे विचित्र उच्चारण ऐकू येते; फ्रेंच माणूस 'सीझोरो' असे एकाच श्वासात म्हणतो. 'दहा' या शब्दाचीही अशीच तीन रूपे आहेत. 'नऊ' म्हणजे 'नफ'. परंतु 'नऊ वाजता' आणि 'नऊ वर्षे' म्हणताना त्यातील 'फ'चा 'व्ह' होतो.

'वीस' या शब्दाचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. एकटा असता त्याचा शेवटचा 'त' फ्रान्सच्या प्रमाण बोलीत ऐकू येत नाही. उच्चार 'व्हँ' एवढाच होतो. एकवीस ते एकोणतीस या संख्यांत मात्र तो 'त' स्पष्टपणे उमटतो. पुन्हा ऐंशीच्या दशकात, जेथे 'चार-वीस' हा जोडशब्द येतो, तेथे तो लोपतो. म्हणजे 'वीस' या शब्दाची एकच ध्वनिमुद्रा बावीस आणि ब्याऐंशी या दोन्ही ठिकाणी वापरली, तर दोहोंपैकी एक संख्या निश्चितपणे चुकते. 'आणि' हा शब्द कोठे घ्यावयाचा, याचेही तंत्र ठरलेले आहे. एकवीस, एकतीस, एकेचाळीस, एक्कावन्न, एकसष्ट आणि एकाहत्तर यांत तो येतो; एक्याऐंशी आणि एक्याण्णव यांत येत नाही.

यात लिंगविचाराची भर पडते. 'एक संदेश' म्हणताना पुल्लिंगी 'अँ', 'एक मिनिट' म्हणताना स्त्रीलिंगी 'यून'. आणि हा भेद एकवीस, एकतीस यांच्या शेवटच्या अवयवालाही लागू पडतो. शंभर व हजार यांच्या आधी 'एक' लावीत नाहीत, दशलक्षाच्या आधी मात्र लावतात. महिन्याची पहिली तारीख 'पहिली' म्हणून सांगतात, पण दुसरीपासून पुढे 'दोन', 'तीन' असे साधे संख्यावाचक चालते. या साऱ्या नियमांत तर्कापेक्षा वहिवाटीचा भाग अधिक आहे. वहिवाट मोडलेली ऐकणाऱ्याला तत्काळ कळते, आणि आपल्याशी बोलणाऱ्याला आपली भाषा येत नाही, अशी त्याची समजूत होते.

४. ऐकणाऱ्याचा हात

१८ ऑक्टोबर १९९६ पासून फ्रान्समध्ये दूरध्वनी क्रमांक दहा अंकी झाले. ते दोन-दोन अंकांच्या पाच जोड्या करून सांगण्याची तेथील पद्धत आहे. येथे क्रमांक ही एक खूण असली तरी ती सुट्या अंकांनी न सांगता लहान लहान पूर्ण संख्यांनी सांगितली जाते. ऐकणारा हातात लेखणी घेऊन बसलेला असतो. 'कात्र' हा शब्द कानी पडताच त्याचा हात '४' काढावयास जातो. लागोपाठ 'व्हँ' ऐकू येते, म्हणजे '८' हवा. त्यानंतर 'दूझ' आले की लिहावयाचा अंक '९२' आहे हे उमगते. तीन शब्द पूर्ण होईपर्यंत पहिला अंकही निश्चित होत नाही. मातृभाषकाचा हात हे थांबणे लहानपणीच शिकतो. परभाषकाला मात्र ते जड जाते.

दूरध्वनीच्या पारंपरिक वाहिनीतून साधारणपणे ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढ्याच कंपनसंख्येचे ध्वनी जातात. 'स'सारख्या घर्षक ध्वनींचा बराचसा जोर त्यापलीकडे असल्यामुळे ते क्षीण होतात. फ्रेंचमध्ये सहासष्ट म्हणजे 'स्वासाँत-सीस' आणि सत्तर म्हणजे 'स्वासाँत-दीस'. दोहोंत फरक एकाच व्यंजनाचा आहे आणि त्यावर चारांचे अंतर अवलंबून आहे. म्हणून स्वाभाविक उच्चारणात आघात, विराम आणि स्वराची चढउतार यांनाही स्थान द्यावे लागते. जोड्यांनी सांगितलेल्या क्रमांकात पहिल्या चार जोड्यांचा स्वर किंचित वर राहतो आणि शेवटच्या जोडीवर तो उतरतो. त्या उतारावरून ऐकणाऱ्याला क्रमांक संपल्याचे कळते. सर्व तुकडे एकाच सुरात ध्वनिमुद्रित केले तर शब्द बरोबर असूनही ऐकणारा पुढच्या जोडीची वाट पाहत राहतो.

५. मराठी आणि कन्नड

ज्या कसोटीने फ्रेंच संख्यांचे परीक्षण केले, ती मराठीला लावून पाहणे उद्बोधक ठरते. मराठीत एकक आधी आणि दशक नंतर येते : बावीस, पंचेचाळीस, सदुसष्ट. फ्रेंच श्रोत्याचा हात जसा अडखळतो, तसा मराठी श्रोत्याचाही अडखळू शकतो. 'पंचेचाळीस' ऐकताना आधी पाच कानी येतो आणि आधी लिहावयाचा असतो चार. त्यातही दोन्ही अवयव एकमेकांत इतके मिसळलेले असतात की ते सुटे करता येत नाहीत. 'दोन' हा शब्द बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी आणि ब्याण्णव यांत 'बा', 'ब', 'बे', 'ब्या' अशी रूपे घेतो. 'दहा' हा शब्द बारा-तेरांत ओळखूही येत नाही. संस्कृत व प्राकृतातून होत आलेल्या ध्वनिपरिवर्तनांचा हा परिणाम आहे.

यातून तंत्रज्ञाच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. फ्रेंचमध्ये शून्य ते सोळा आणि पाच दशके असे बावीस मूळ शब्द घेऊन, त्यांची उच्चारभेदांनुसार निरनिराळी रूपे ठेवून, शंभरपर्यंतची मजल मारता येते. मराठीत शून्य ते नव्व्याण्णव अशा शंभर ध्वनिमुद्रा केल्यावाचून गत्यंतर नाही. परंतु त्या एकदा केल्या की पुढचे नियम थोडे आहेत. फ्रेंचला शब्द थोडे आणि नियम पुष्कळ. मराठीला शब्द पुष्कळ आणि नियम थोडे. एकीचा भार आज्ञावलीवर पडतो, दुसरीचा स्मरणावर.

थोडे असले तरी मराठीचे नियम दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. नेमके शंभर असतील तर 'शंभर', पण एक वाढताच 'एकशे एक'. दीडशे रुपयांना 'एकशे पन्नास' म्हटले तर अर्थ कळतो, पण दुकानदार तसे म्हणत नाही. सव्वाशे, अडीच हजार, साडेबाराशे या अपूर्णांकयुक्त संख्या व्यवहारात सर्रास चालतात. वेळ सांगताना क्रियापदही संख्येशी जुळते : 'दीड वाजला', पण 'अडीच वाजले'. वस्तूंना 'दोन', 'तीन' चालते. माणसांना 'दोघे', 'दोघी', 'तिघी' लागतात. शिवाय मोठ्या संख्यांची विभागणी लाख-कोटींची आहे. हजार आणि दशलक्ष यांवर आधारलेला युरोपीय साचा येथे निरुपयोगी ठरतो.

येलहंकाच्या परिसराची भाषा कन्नड. तिची रचना दशक आधी, एकक नंतर अशी आहे : 'इप्पत्तु' आणि 'ओंदु' मिळून 'इप्पत्तोंदु'. रचना सरळ असली तरी संधीमुळे दोन शब्द सुटे राहत नाहीत, म्हणून तुकडे जोडून केलेला उच्चार तेथेही कृत्रिम वाटतो. माणसे मोजताना कन्नडमध्ये 'ओब्ब', 'इब्बरु', 'मूवरु' अशी वेगळी रूपे येतात आणि या बाबतीत ती मराठीच्या 'दोघे-तिघे' यांना जवळची आहे. आणखी एक साम्य लक्षणीय आहे. मराठीत एकोणीस, एकोणतीस या शब्दांत 'एक उणे' ही कल्पना आहे. कन्नडमधील नऊ म्हणजे 'ओंबत्तु' या शब्दातही 'दहाला एक कमी' हाच अर्थ असल्याचे सर्वसामान्यपणे मानले जाते. भिन्न कुळांतील दोन भाषांनी नवाच्या पायरीवर थांबून पुढच्या टप्प्याकडे पाहावे, ही गोष्ट तौलनिक अभ्यासकाचे लक्ष वेधून घेणारी आहे.

६. यंत्रासाठी भाषा की भाषेसाठी यंत्र

संख्यावाचनाच्या अडचणीवर दुसराही एक उपाय संभवतो, आणि तो म्हणजे भाषाच बदलणे. नॉर्वेमध्ये १९५१ साली हा प्रयोग झाला. तेथे मराठीप्रमाणेच 'एक-आणि-वीस' अशी एकक आधी सांगण्याची रीत होती. दूरध्वनी क्रमांक सांगताना-ऐकताना अंकांची उलटापालट होते, या कारणास्तव तेथील दूरध्वनी खात्याकडून बदलाची सूचना आली. संसदेने ती स्वीकारली आणि शाळा व शासकीय व्यवहार यांत 'वीस-एक' ही नवी रीत लागू झाली. मात्र जुनी रीत लोकांच्या बोलण्यातून गेली नाही. कित्येक नॉर्वेजियन भाषक आजही दोन्ही रीती आलटून पालटून वापरतात.

महाराष्ट्रात २०१९ च्या जून महिन्यात बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असे संख्यावाचन आले, तेव्हा मोठा वाद झाला आणि त्याचे पडसाद विधिमंडळातही उमटले. गणित विषय समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर या होत्या. जोडाक्षरांनी भरलेले संख्यावाचक शब्द लहान मुलांना अवघड जातात, ऐकण्याचा आणि लिहिण्याचा क्रम उलटा असल्याने मुले अंकांची अदलाबदल करतात, असा बदलाच्या बाजूचा युक्तिवाद होता. दक्षिणेकडील भाषांतील सुलभ रचनेचा दाखलाही त्यासाठी देण्यात आला. विरोधकांना यात भाषेच्या वारशाची हानी दिसली.

या वादात दोन्ही बाजूंकडे सत्याचा अंश होता असे म्हणावे लागते. मुलांची अडचण काल्पनिक नाही. लेखणी धरलेल्या हाताचे जे वर्णन वर आले आहे, ते दुसरीच्या वर्गातील मुलालाही तंतोतंत लागू पडते. मात्र वर्गात समजावण्यासाठी पायरी म्हणून 'वीस दोन' वापरणे आणि व्यवहारातून 'बावीस' हद्दपार होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट पाठ्यपुस्तकाने होण्याची भीती फारशी नाही. ती घडण्याची शक्यता आहे ती अन्य मार्गाने, आणि तिकडे कोणाचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही.

शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली तेव्हापासून या प्रदेशात मराठी भाषा नांदत आली आहे. पुढे नोकरी-व्यवसायानिमित्त आलेल्या मराठी कुटुंबांची त्यात भर पडली. अशा घरांतील आजीला 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' यांतील भेद सहज कळतो. नातवाला तो थांबून विचार करून कळतो, किंवा तो इंग्रजीत संख्या विचारतो. या स्थितीत बँकेची वा रुग्णालयाची यंत्रणा मराठीत बोलू लागली आणि वाक्य मराठीत सांगून रक्कम तेवढी इंग्रजीत वाचू लागली, तर आजीला आपल्या खात्यातील पैसे कळणार नाहीत आणि नातवाच्या कानावर मराठी संख्या पडणार नाही. शंभर ध्वनिमुद्रांचा खर्च वाचविण्यासाठी केलेली ही काटकसर दोन पिढ्यांना सारखीच महाग पडेल. रक्कम, औषधाची मात्रा, तपासणीची वेळ या गोष्टी चुकीच्या ऐकू आल्या तर होणारे नुकसान केवळ भाषेपुरते राहत नाही.

७. समारोप

वरील विवेचनावरून काही सूत्रे हाती येतात. यंत्राला संख्या वाचावयास शिकविण्यापूर्वी ती खूण आहे, परिमाण आहे की काळ, हे ठरविले पाहिजे. प्रत्येक भाषेचे नियम त्या भाषेतून शोधले पाहिजेत. एका भाषेचा साचा दुसरीवर बसविता येत नाही, आणि एकाच भाषेच्या दोन प्रदेशांवरही तो नेहमी बसत नाही. संख्येसोबत येणारे नाम व क्रियापद संख्येबरोबरच ध्वनिमुद्रित करणे शक्य तेथे इष्ट होय. अखेरची परीक्षा तंत्रज्ञाच्या पडद्यावर न करता, हातात कागद-लेखणी घेतलेल्या आणि ती भाषा घरात बोलणाऱ्या श्रोत्याकडून करवून घ्यावी. त्याने ऐकून लिहिलेला आकडा बरोबर असावा आणि लिहिताना त्याचा हात थांबू नये, एवढीच तिची कसोटी.

फ्रेंच भाषकांनी 'चार-वीस-दहा-नऊ' ही अवघड वाट सोडलेली नाही आणि त्यांच्यासाठी यंत्रे घडविणाऱ्यांनी ती वाट निमूटपणे शिकून घेतली आहे. येलहंकाच्या कार्यालयात बसून पॅरिसच्या ग्राहकासाठी 'वीस'च्या दोन वेगवेगळ्या ध्वनिमुद्रा करण्याचे कष्ट जर घेतले जात असतील, तर त्याच गावातील मराठी ग्राहकासाठी 'एकोणसाठ' ध्वनिमुद्रित करण्याचे कष्टही घेता येतील. त्यासाठी मराठीच्या अभ्यासकांनी शून्य ते नव्व्याण्णव संख्यांचे प्रमाण उच्चार, त्यांचे मान्य पर्याय आणि व्यवहारातील सव्वा-दीड-अडीच यांचे नियम एकत्र नोंदवून तंत्रज्ञांच्या हाती दिले पाहिजेत.